खोल सागरतळावरील मातीचे वयनिर्धारण आणि जीवाश्म मत्स्यदंत : मध्य हिंदी महासागराच्या विशेष संदर्भात

सारांश

खोल समुद्राच्या तळावर साचणाऱ्या लाल मातीत चुनखडीयुक्त सूक्ष्म कवचे टिकत नाहीत. त्यामुळे गाळाचे वय ठरविण्याच्या नेहमीच्या पद्धती तेथे अपुऱ्या पडतात. अशा मातीत माशांचे सूक्ष्म दात मात्र कोट्यवधी वर्षे टिकून राहतात. या दातांच्या आकारात कालपरत्वे झालेले बदल आणि त्यांत साठलेल्या स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचे प्रमाण या दोन स्वतंत्र पुराव्यांवरून गाळाचे वय काढता येते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, कार्यपद्धती व मर्यादा स्पष्ट केल्या असून, मध्य हिंदी महासागरातील भारताच्या खनिज-शोध क्षेत्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व विशद करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : लाल माती, मत्स्यदंत, अ‍ॅपेटाइट, स्ट्राँशियम समस्थानिके, बहुधात्विक गोटे, मध्य हिंदी महासागर खोरे.

१. प्रस्तावना

कोणत्याही गाळाच्या अभ्यासात पहिला प्रश्न वयाचा असतो. एखादा थर केव्हा साचला हे समजले, तरच तो किती वेगाने साचला, मध्ये खंड पडला काय, त्या काळी हवामान कसे होते, या पुढील प्रश्नांना अर्थ प्राप्त होतो. परंतु गाळाचे वय काढणे हे खडकाचे वय काढण्याइतके सरळ नसते.

भिवंडी परिसरातील उदाहरण घेतल्यास हा फरक सहज ध्यानात येईल. येथील डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतील लाव्हारस थिजला, त्या क्षणापासून त्यातील पोटॅशियमच्या किरणोत्सारी ऱ्हासाची नोंद सुरू झाली. त्यामुळे खडकातील आर्गॉन मोजून त्याचे वय सांगता येते. मात्र याच डोंगरांची झीज होऊन कामवारी नदीच्या पात्रात साचलेला गाळ प्रयोगशाळेत नेला, तर त्यातील बेसाल्टचे कण वय सांगतील ते मूळ खडकाचे. गाळ साचला तो दिवस त्यांना ठाऊक नसतो. मातीचा कण आपल्या उगमाचे वय घेऊन येतो, मुक्कामाचे नव्हे. म्हणूनच गाळाचे वय त्यातील मातीवरून न काढता, गाळ साचत असताना त्यात येऊन पडलेल्या एखाद्या समकालीन वस्तूवरून काढावे लागते.

उथळ समुद्रात अशा वस्तूंची वाण नसते. खोल महासागराच्या तळावर मात्र ती जवळजवळ एकच उरते, आणि ती म्हणजे माशाचा दात.

२. लाल मातीचे स्वरूप

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ असंख्य सूक्ष्मजीव कॅल्शियम कार्बोनेटची कवचे धारण करून जगतात व मेल्यावर तळाकडे पडतात. खोली वाढत जाते तसे पाणी थंड होते, दाब वाढतो आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा प्रभावही वाढतो. एका विशिष्ट खोलीखाली कवचे जितकी येतात तितकीच विरघळून जातात. ही मर्यादा प्रत्येक महासागरात वेगवेगळी असली, तरी ती साधारणतः ४ ते ५ कि.मी.च्या दरम्यान असते. तिच्याखाली चुनखडीयुक्त गाळ साचू शकत नाही.

मग तेथे उरते काय? वाऱ्याबरोबर खंडांवरून उडून आलेली अतिसूक्ष्म धूळ, ज्वालामुखींची राख, अवकाशातून पडणारे सूक्ष्म कण, पाण्यातून अवक्षेपित झालेली लोह व मँगनीजची संयुगे आणि माशांच्या अस्थींचे व दातांचे अवशेष. लोहाच्या ऑक्सिडीकरणामुळे या मातीला तांबूस-तपकिरी रंग येतो. ती साचण्याचा वेग विलक्षण मंद असतो. हजार वर्षांत एखाद-दुसरा मिलिमीटर, आणि पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. भिंतीला दिलेल्या चुन्याच्या हाताइतका थर साचण्यास तेथे शेकडो वर्षे लागतात.

ब्रिटिश नौका ‘चॅलेंजर’ने १८७२ ते १८७६ या काळात केलेल्या सागरी मोहिमेत या मातीचा प्रथम पद्धतशीर परिचय झाला. प्रशांत महासागराच्या तळावरून वर काढलेल्या लाल मातीत शार्क माशांचे दात आणि देवमाशांच्या कानांची हाडे विपुल आढळली. त्यांतील कित्येकांवर मँगनीजचे जाड पुट चढलेले होते. जॉन मरे व आल्फाँस रेनार यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या निक्षेपांचे विस्तृत वर्णन केले. नामशेष जातींच्या शार्कचे दात तळाच्या पृष्ठभागावरच मिळावेत, ही गोष्ट येथील गाळ अत्यंत सावकाश साचतो याची पहिली साक्ष होती.

३. रूढ पद्धती कोठे थांबतात

वयनिर्धारणाच्या परिचित पद्धती लाल मातीत लागू पडत नाहीत असे नव्हे. परंतु त्यांची पोच मर्यादित आहे.

(अ) कार्बन-१४ पद्धतीस कार्बनयुक्त अवशेष लागतात, आणि तिचा आवाका सुमारे ५० हजार वर्षांपुरता आहे. एवढ्या काळात लाल मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरच साचतो.

(आ) समुद्राच्या पाण्यातून तळावर पडणाऱ्या थोरियम-२३०चा अर्धायुष्यकाल सुमारे ७५ हजार वर्षे आहे. त्याची उपयुक्तता तीन-चार लक्ष वर्षांपलीकडे जात नाही.

(इ) बेरिलियम-१०चा अर्धायुष्यकाल सुमारे १४ लक्ष वर्षे असल्याने त्याच्या साहाय्याने सुमारे एक कोटी वर्षांपर्यंत मागे जाता येते. त्याआधीच्या थरांत मोजण्यायोग्य बेरिलियम उरत नाही.

(ई) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा वेळोवेळी उलटली आहे. तिची नोंद गाळात होत असते. परंतु एक उलटापालट दुसरीसारखीच दिसते. मधला थर वाहून गेला असल्यास गणती चुकते आणि कोणती नोंद कोणत्या काळाची हे ठरविण्यासाठी दुसऱ्या पुराव्याची गरज भासते.

(उ) चुनखडीयुक्त सूक्ष्मजीवाश्म हे सागरी भूविज्ञानातील सर्वांत विश्वसनीय कालदर्शक होत. पण वर सांगितल्याप्रमाणे ते येथे विरघळून गेलेले असतात.

कोट्यवधी वर्षांच्या जुन्या लाल मातीपुढे या पद्धती एकामागून एक थांबतात, आणि मत्स्यदंतांचे महत्त्व तेथे सुरू होते.

४. दात का टिकतो

माशाचा दात हा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा, म्हणजे अ‍ॅपेटाइट या खनिजाचा बनलेला असतो. त्याच्या टोकावर मानवी दातांतील एनॅमलसारखे अत्यंत घट्ट आवरण असते. ज्या खोलीवर कॅल्शियम कार्बोनेट विरघळते, तेथेही हे आवरण तग धरते.

दुसरे कारण संख्येचे आहे. सस्तन प्राण्याला आयुष्यात दातांचे दोनच संच मिळतात. मासे मात्र जन्मभर दात गाळतात व नवे धारण करतात. एकच शार्क आपल्या आयुष्यात हजारो दात गाळतो. याशिवाय शार्कच्या त्वचेवरही दातासारख्या रचनेचे सूक्ष्म खवले असतात, तेही गळून तळाशी जातात. त्यामुळे मुठीएवढ्या लाल मातीतही मत्स्यावशेष मिळण्याची शक्यता चांगली असते. त्यांतील बहुसंख्य दात मोठ्या शार्कचे नसून लहान हाडयुक्त माशांचे असतात आणि त्यांचा आकार मिलिमीटरच्या काही शतांशांपासून काही दशांशांपर्यंत असतो. अशा सूक्ष्म अवशेषांना ‘इक्थिओलिथ’ असे म्हटले जाते.

५. आकारावरून कालनिर्णय

सुट्या दातावरून माशाची जात ओळखणे बहुधा अशक्य असते. एकाच जबड्यात निरनिराळ्या आकारांचे दात असू शकतात. ही अडचण कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील विल्यम रीडेल, पॅट्रिशिया डॉइल व त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकात वेगळ्या मार्गाने सोडविली. त्यांनी जातीचा आग्रह सोडून केवळ आकाराचे वर्गीकरण केले. त्रिकोणी, वाकलेला त्रिकोणी, रेषांकित, कडेस दाते असलेला, अशा वर्णनात्मक नावांनी प्रत्येक प्रकाराची नोंद केली आणि कोणता प्रकार कोणत्या काळात प्रथम दिसतो व केव्हा नाहीसा होतो, याचे तक्ते तयार केले. ज्या ठिकाणी चुनखडीयुक्त सूक्ष्मजीवाश्मही उपलब्ध होते, तेथील ज्ञात वयांशी हे तक्ते जुळवून घेण्यात आले.

या पद्धतीची खरी कसोटी उत्तर प्रशांत महासागरातून काढलेल्या सुमारे २४ मीटर लांबीच्या एका मृत्तिका-स्तंभावर लागली. डॉइल व रीडेल यांनी १९७९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि क्रिटेशस कालखंडापासून अलीकडच्या काळापर्यंतचा क्रम केवळ मत्स्यदंतांवरून मांडला. पुढे याच स्तंभात क्रिटेशसच्या अखेरीची निदर्शक असलेली इरिडियम धातूची वाढलेली मात्राही आढळली. म्हणजेच दख्खनचा लाव्हारस वाहत होता त्या युगाचा थर त्या स्तंभाच्या खालच्या भागात होता. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांचा इतिहास अवघ्या २४ मीटर मातीत सामावलेला होता.

आकारावर आधारलेल्या कालनिर्णयाची सूक्ष्मता मात्र बेताची असते. दातांचे अनेक प्रकार दीर्घकाळ टिकून राहिल्याने वयाचा अंदाज पुष्कळदा काही दशलक्ष वर्षांच्या पट्ट्यातच बसतो. अधिक नेमक्या उत्तरासाठी दाताच्या रसायनाकडे वळावे लागते.

६. स्ट्राँशियमचे घड्याळ

स्ट्राँशियम हे मूलद्रव्य रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचे भावंड आहे. त्यामुळे दात तयार होताना कॅल्शियमच्या काही जागा समुद्राच्या पाण्यातील स्ट्राँशियम व्यापते. या मूलद्रव्याच्या समस्थानिकांपैकी स्ट्राँशियम-८७ हे रुबिडियम-८७च्या किरणोत्सारी ऱ्हासातूनही निर्माण होते, तर स्ट्राँशियम-८६ची राशी बदलत नाही. खंडांवरील जुन्या, रुबिडियमने समृद्ध खडकांत या दोहोंचे गुणोत्तर अधिक असते, तर सागरतळावरील ताज्या बेसाल्टमध्ये ते कमी म्हणजे सुमारे ०.७०३ असते.

समुद्राच्या पाण्यातील गुणोत्तर म्हणजे या दोन स्रोतांतील जमाखर्चाची शिल्लक होय. नद्या खंडांवरील स्ट्राँशियम आणतात आणि सागरी पर्वतरांगांवरील उष्ण झरे बेसाल्टमधील स्ट्राँशियम मिसळतात. एकदा पाण्यात आलेले स्ट्राँशियम तेथे काही दशलक्ष वर्षे राहते, तर महासागरांचे पाणी एकमेकांत मिसळण्यास हजार-दीड हजार वर्षे पुरतात. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी जगातील सर्व महासागरांत हे गुणोत्तर सारखेच असते. कालौघात मात्र ते बदलते. याच दोन गोष्टींमुळे स्ट्राँशियम घड्याळाचे काम करू शकते.

आजच्या समुद्रात हे गुणोत्तर सुमारे ०.७०९२ आहे. साडेतीन कोटी वर्षांपूर्वी ते सुमारे ०.७०७८ होते. या वाढीस हिमालयाचे उत्थान व तेथून वाहणाऱ्या नद्यांनी आणलेला गाळ मोठ्या प्रमाणात कारणीभूत असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. वयनिर्धारणासाठी मात्र कारणाची निश्चिती आवश्यक नसते. ज्ञात वयाच्या चुनखडीयुक्त जीवाश्मांवरून आखलेला आलेख पुरेसा असतो. मायोसीनच्या आरंभी, म्हणजे सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी, हे गुणोत्तर ०.७०८३च्या जवळ होते आणि पुढील सात-आठ दशलक्ष वर्षांत ते ०.७०८७पर्यंत चढले. दर दशलक्ष वर्षांस सुमारे ०.००००६ एवढी ही वाढ आहे. आधुनिक द्रव्यमान वर्णपटमापकाची अचूकता ०.००००२च्या आसपास असल्यामुळे या काळातील दाताचे वय अर्ध्या दशलक्ष वर्षाहूनही कमी फरकाने सांगता येते.

लिन इन्ग्रॅम यांनी १९९५ मध्ये उत्तर प्रशांत महासागरातील मातीसंबंधी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मत्स्यदंतांतील स्ट्राँशियमच्या आधारे खोल समुद्रातील मातीचे बारकाईने वयनिर्धारण करून दाखविले आणि या पद्धतीस निश्चित स्थान मिळाले.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मृत्तिका-स्तंभात १० मीटर खोलीवरील दातांचे वय २.३ कोटी वर्षे व ८ मीटरवरील दातांचे वय १.८ कोटी वर्षे निघाले, तर दोन मीटर माती साचण्यास ५० लक्ष वर्षे लागली. म्हणजेच वेग हजार वर्षांस ०.४ मिलिमीटर ठरतो. त्याच्या वरच्या अवघ्या २० सेंटिमीटरमध्ये मात्र वयात एक कोटी वर्षांची उडी आढळली, तर तेथे गाळ साचण्याचे थांबले होते किंवा साचलेला गाळ तळप्रवाहांनी वाहून नेला होता, असा निष्कर्ष निघतो. डोळ्यांना सलग दिसणाऱ्या मातीत किती काळ हरवला आहे, हे दातांवाचून समजले नसते.

७. कार्यपद्धती

प्रथम माती पाण्यात भिजवून बारीक जाळीच्या चाळणीतून धुतात. चिकणमाती निघून जाते व भरड कण मागे राहतात. अ‍ॅपेटाइट हे जड खनिज असल्याने आवश्यक तेथे जड द्रवाच्या साहाय्याने ते वेगळे करतात. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक दात टिपून घेतला जातो. हे काम संथ व चिकाटीचे असते. आकारांची नोंद व छायाचित्रण आधीच करून ठेवावे लागते, कारण रासायनिक विश्लेषणात दात विरघळून नष्ट होतो. वेचलेले दात स्वच्छ करून त्यांवरील माती व मँगनीजचा लेप काढतात, ते आम्लात विरघळवितात, आयन-विनिमय राळेच्या नळीतून स्ट्राँशियम वेगळे करतात आणि शेवटी वर्णपटमापकात गुणोत्तर मोजतात.

८. मर्यादा

या पद्धतीच्या चार मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पहिली, आलेखाच्या सपाट भागाची. सुमारे ६ कोटी ते ४ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात समुद्रातील गुणोत्तर फारसे बदलले नाही. तेथे स्ट्राँशियमचे घड्याळ जवळपास बंद असते. या काळासाठी दातांच्या आकारावरच भर द्यावा लागतो.

दुसरी, मिसळणीची. तळावरील कृमी व इतर जीव वरचा काही सेंटिमीटर थर सतत उकरतात. हजार वर्षांस अर्धा मिलिमीटर या वेगाने साचणाऱ्या मातीत १० सेंटिमीटर म्हणजे दोन लक्ष वर्षे होत. याहून बारीक कालमापनाची अपेक्षा तेथे करता येत नाही.

तिसरी, पुनर्निक्षेपाची. प्रवाहांनी उकरलेल्या जुन्या थरातील दात नव्या थरात येऊन पडू शकतात. अनेक दात एकत्र विरघळवून काढलेले वय अशा वेळी दोन काळांची निरर्थक सरासरी ठरते. आकारांची आधी तपासणी केल्यास परका दात ओळखता येतो.

चौथी, मृत्यूनंतरच्या रासायनिक बदलांची. तळावर पडलेला दात सभोवतालच्या पाण्यातून निओडिमियमसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. स्ट्राँशियमच्या बाबतीत हा बदल बराच कमी असला, तरी ज्वालामुखी राखेच्या थरांजवळ मातीतील पाण्याचे गुणोत्तर बदलून चुकीचे वय निघू शकते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आकार व स्ट्राँशियम या पद्धती परस्परांच्या प्रतिस्पर्धी नसून परस्परांच्या साक्षीदार आहेत. एकीचा दोष जेथे असतो तेथे दुसरी उपयोगी पडते, आणि दोन्ही साक्षी जुळल्या तरच वय स्वीकारावे.

९. मध्य हिंदी महासागर खोरे

भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ शैक्षणिक नाही. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून पहिला बहुधात्विक गोटा वर काढला. त्यानंतर मध्य हिंदी महासागर खोऱ्याचे विस्तृत सर्वेक्षण झाले. १९८७ मध्ये भारतास अग्रणी गुंतवणूकदार म्हणून मान्यता मिळून दीड लक्ष चौरस कि.मी. क्षेत्र देण्यात आले. नियमानुसार त्यातील निम्मे परत केल्यावर ७५ हजार चौरस कि.मी. क्षेत्र उरले. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी पंधरा वर्षांचा शोध-करार झाला व त्यास २०१७ आणि २०२२ मध्ये मुदतवाढ मिळाली.

हे खोरे साधारणतः पाच ते साडेपाच कि.मी. खोल आहे. त्याच्या उत्तर भागात गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ, मध्य भागात सिलिकायुक्त सूक्ष्मजीवांचा चिखल व दक्षिण भागात लाल माती, असा क्रम आढळतो. मध्य भागात सिलिकायुक्त कवचांवरून आणि सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेवरून अलीकडच्या थरांची वये ठरविता येतात. दक्षिणेकडील लाल मातीत व जुन्या थरांत मात्र मत्स्यदंतांचा आधार घ्यावा लागतो.

येथील गोट्यांच्या संदर्भात दातांना आणखी एक महत्त्व आहे. निकेल, तांबे, कोबाल्ट व मँगनीज धारण करणारे हे गोटे एखाद्या कठीण गाभ्याभोवती थरावर थर चढून वाढतात. काही वेळा तो गाभा शार्कचा दातच असतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. एम. गुप्ता यांनी १९९१ मध्ये या खोऱ्यातील गोटे व धातुकवचे यांतून मिळालेल्या मत्स्यदंतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाभ्यातील दाताचे वय कळले, म्हणजे त्यावरील धातूचे पुट त्याहून जुने असू शकत नाही, ही कमाल मर्यादा निश्चित होते. गोटे दशलक्ष वर्षांस काही मिलिमीटर वाढतात, तर माती हजार वर्षांस काही मिलिमीटरपर्यंत साचते. माती शतपटींनी वेगवान असूनही गोटे तिच्यावरच पडून का राहतात, या कोड्याचा उलगडा करण्यासाठी माती व गोटा या दोहोंच्या वयांची आवश्यकता आहे.

वयाचा प्रश्न उत्खननाच्या परिणामांशीही निगडित आहे. गोटे गोळा करणारे यंत्र तळाचा वरचा थर ढवळून काढते. असा विक्षोभ घडवून त्याचे परिणाम तपासण्याचा प्रयोग या संस्थेने १९९७ मध्ये याच खोऱ्यात केला होता. २०२१ मध्ये भारताच्या खोल महासागर मोहिमेस मंजुरी मिळाल्यामुळे हा प्रश्न अधिक निकट आला आहे. समजा, यंत्राने १० सेंटिमीटर माती काढली. हजार वर्षांस दोन मिलिमीटर हा वेग धरला तर ती भरून येण्यास ५० हजार वर्षे लागतील. अर्धा मिलिमीटर धरला तर दोन लक्ष वर्षे. कोणत्या ठिकाणी कोणता वेग खरा, हे वयनिर्धारणानेच ठरते. तळाची हानी किती दीर्घकालीन असेल याचा हिशोब त्यावाचून मांडता येत नाही.

मत्स्यदंतांना स्वतःचे आर्थिक मोलही आहे. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये प्रशांत महासागरातील मातीत दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे मोठे साठे असल्याचे दाखवून दिले. ही मूलद्रव्ये मुख्यत्वे मत्स्यावशेषांच्या फॉस्फेटमध्ये साठलेली असतात. मिनामितोरीशिमा बेटाजवळील अशा एका समृद्ध थराचे वय २०२० मध्ये ऑस्मियम समस्थानिकांच्या साहाय्याने सुमारे ३.४५ कोटी वर्षे ठरविण्यात आले. साठा केव्हा तयार झाला हे समजल्यावर, त्याच काळाचे थर अन्यत्र कोठे शोधावेत याची दिशा मिळते.

१०. निष्कर्ष

१. खोल सागरतळावरील लाल मातीत चुनखडीयुक्त जीवाश्म टिकत नसल्याने, एक कोटी वर्षांहून जुन्या थरांच्या वयनिर्धारणासाठी मत्स्यदंत हे अत्यंत महत्त्वाचे साधन ठरते.

२. दातांचा आकार व त्यांतील स्ट्राँशियमचे गुणोत्तर हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. त्यांची सांगड घातल्यासच निष्कर्ष विश्वसनीय होतात.

३. या पद्धतीने वयाबरोबरच गाळ साचण्याचा वेग आणि गाळाच्या नोंदीत पडलेले खंडही समजतात.

४. मध्य हिंदी महासागरातील भारताच्या क्षेत्रात गोट्यांची वाढ समजून घेण्यासाठी व उत्खननाच्या परिणामांचे मूल्यमापन करण्यासाठी हे ज्ञान आवश्यक आहे.

या अभ्यासात दात ओळखण्यासाठी प्राणिशास्त्र, स्ट्राँशियम वेगळे करण्यासाठी रसायनशास्त्र, ते मोजण्यासाठी भौतिकशास्त्र आणि थरांचा अर्थ लावण्यासाठी भूविज्ञान लागते. उत्खनन करावे की न करावे हा निर्णय तर अर्थशास्त्र व विधी यांच्या कक्षेत जातो. महाविद्यालयांतून स्वतंत्रपणे शिकविल्या जाणाऱ्या या विषयांना एकत्र आणणारे उदाहरण म्हणून मत्स्यदंताचा वर्गात अवश्य उपयोग करता येईल. यंत्रे तळावर उतरण्यापूर्वी तेथील मातीचे वय ठाऊक असणे ही शास्त्रीय जिज्ञासेइतकीच उत्तरदायित्वाचीही बाब आहे.